याकपालन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

डोंगरउतारावरच्या लहान शेतीत याक पाळणाऱ्या किंवा पाळू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी घेतली आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात थंडीची काळजी दिसते. उणे तीस अंशांतही उघड्यावर बसून रवंथ करणारे हे जनावर थंडीने सहसा दगावत नाही; दगावते ते उन्हाने, ओलीने आणि हिवाळा सरताना होणाऱ्या उपासमारीने. उत्तरांत त्यामुळे याच गोष्टी पुन्हा पुन्हा येतील.

प्रश्न : आमची जमीन साधारण १८०० मीटर उंचीवर आहे. याक ३००० मीटरच्या खाली जगत नाही असे ऐकतो. खरे आहे का?

हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर याक बहुधा ३००० ते ५००० मीटरच्या पट्ट्यात असतात, त्यावरून हा समज झाला. पण याकला विरळ हवा लागतेच असे नाही. त्याला ती सोसते, एवढेच. त्याला लागतो तो गारवा. हवेचे तापमान १३-१४ अंशांच्या पुढे गेले की त्याचा श्वास वाढू लागतो, १६ अंशांच्या आसपास नाडी आणि अंगाचे तापमानही चढते, आणि २० अंशांच्या वर तो चरणे सोडून सावलीत किंवा पाण्याजवळ नुसता उभा राहतो. घाम जवळजवळ फक्त नाकपुड्यांजवळच्या ओल्या भागातून येतो आणि अंगावर दुहेरी केसांचे आवरण असते. आतली उष्णता बाहेर पडायला वाटच नसते.

म्हणून उंची मोजण्याऐवजी तापमान मोजा. सर्वांत उष्ण दोन महिन्यांतले रोजचे कमाल आणि किमान आकडे लिहून ठेवा. दिवसा पारा २२-२३ पर्यंत जात असेल, पण रात्री १० अंशांच्या खाली येत असेल, तर याक निभावतात. पहाटे आणि रात्री चरतात, दुपार सावलीत काढतात. उत्तरेकडे उतरता, झाडीचा तुकडा त्यांच्यासाठी राखा आणि वाहते पाणी किंवा उभे राहता येईल असे डबके द्या. दिवस आठवडेच्या आठवडे २५ च्या वर आणि रात्रीही १५ च्या खाली येत नसतील, शिवाय हवा दमट असेल, तर शुद्ध याक ठेवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. जनावर लगेच मरणार नाही; पण माज लांबतो, वजन उतरते, वासरे खुरटतात.

उन्हाळ्यात रोज दुपारी बरगडीमागच्या खळगीची हालचाल मोजा. गार हवेत शांत उभ्या याकचा श्वास मिनिटाला पंधरा-वीसच्या आसपास असतो. तो साठच्या पुढे गेला असेल, तर त्या दिवशी लस टोचणे, हाकणे, गाडीत चढवणे, काहीही करू नका. खालच्या उंचीवर गोचीड, माश्या आणि यकृतातले चपटे कृमीही जास्त असतात. पाणथळ जागांना कुंपण घालणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

प्रश्न : सुरुवात किती जनावरांनी करावी? शुद्ध याक आणि संकर यांतला फरक कसा ओळखावा?

चारपेक्षा कमी घेऊ नका. एकटा याक कुंपण तोडतो, खाणे सोडतो, माणसावर धावून जाऊ लागतो. तीन व्यायलेल्या शांत माद्या आणि एक-दोन कालवडी, अशी सुरुवात बरी. पहिल्या वर्षी वळू नको.

शुद्ध याकची शेपटी अगदी मुळापासून दाट केसांची, घोड्यासारखी असते; संकराच्या शेपटीचा वरचा भाग गाईसारखा आखूड केसांचा दिसतो. याक हंबरत नाही, घुरघुरतो. पोटाखाली, मांड्यांवर आणि खांद्यांवर लोंबते लांब केस हवेत. एका खुणेवर विसंबू नका, सगळ्या जुळवून पाहा.

विकत घेण्यापूर्वी ब्रुसेल्ला (गर्भ पाडणारा जंतू), क्षय आणि जोन्स रोग (आतड्यांचा जुनाट, हगवण लावणारा रोग) यांच्या तपासण्या करून घ्या आणि आणल्यावर ३० दिवस वेगळे ठेवा. ब्रुसेल्लाची तपासणी या मुदतीच्या शेवटी पुन्हा करावी लागते, कारण नुकतीच लागण झालेले जनावर पहिल्या तपासणीत निर्दोष दिसते. गाभण कालवड असेल तर व्यायल्यानंतर तिसऱ्यांदा. हा खर्च टाळणाऱ्यांचा पुढे सगळा कळप गर्भपातात अडकतो.

प्रश्न : सहा माद्या आहेत. हिवाळा पाच महिन्यांचा. किती गवत साठवावे? याक बर्फ उकरून खातात, मग चारा लागतो का?

बर्फ उकरून ते खातात हे खरे, आणि त्याच भरवशावर हिवाळाभर सोडलेल्या याकांचे वजन वसंतापर्यंत पाचव्या-चौथ्या हिश्शाने उतरते. त्याच काळात पोटातले वासरू सर्वांत झपाट्याने वाढत असते. मग वासरू अशक्त जन्मते, चीक कमी येतो आणि मादी त्या वर्षी माजावरच येत नाही. दोन वर्षांतून एक वासरू मिळण्याचे मोठे कारण हेच आहे.

हिशेब असा करा. २३० किलोच्या मादीला वजनाच्या सुमारे २.३ टक्के कोरडा पदार्थ लागतो, म्हणजे रोज ५.३ किलो. वाळलेल्या गवतात १२ टक्के पाणी धरले तर हे ६ किलो गवत झाले. १५० दिवसांचे ९०० किलो, आणि तुडवून-भिजून वाया जाणारे धरून एका मादीमागे एक टन. तुमच्या सहा माद्यांना सहा टन. चरायला काही मिळेलच. ती बचत समजा, हिशेबात धरू नका. वसंत तीन आठवडे उशिरा आला तर तीच उपयोगी पडते.

गवताच्या वजनाइतकाच त्याचा कस महत्त्वाचा. फुलोरा सुरू होताना कापलेले गवत आणि बी झडून गेल्यावर कापलेले गवत यांत प्रथिनांचा फरक दुपटीपर्यंत जातो. चाऱ्यातली प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की पोटातले जंतू मंदावतात, चारा पुढे सरकत नाही, पोट भरलेले दिसते आणि जनावर खंगत जाते. नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या याकांचे असेच होते. गवत जून झाले असेल तर रोज अर्धा किलो तेलबियांची पेंड जोडा. शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत गाभण मादीला रोज अर्धा ते एक किलो खुराक द्या. पण तो आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. एकदम दाणे टाकले की पोटात आम्ल वाढते, जनावर रवंथ थांबवते आणि पातळ, आंबूस शेण टाकते. बुरशी लागलेले गवत गाभण मादीला अजिबात नको, त्याने गर्भ पडतो.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. लांब केसांमुळे याक नेहमी गुबगुबीत दिसतो. त्याची तब्येत डोळ्यांनी नाही, हातांनी पाहायची. महिन्यातून एकदा केसांत बोटे घालून कणा, शेवटच्या बरगड्या आणि माकडहाडाच्या दोन्ही बाजू दाबून पाहा. बरगड्या हलक्या दाबाने जाणवाव्यात. दाब न देताच एकेक मोजता येत असतील तर उशीर झाला आहे, आजच चारा वाढवा. वजनाचा अंदाज काढण्यासाठी छातीचा घेर मोजताना फीत केसांत रुतेपर्यंत ओढा, नाहीतर वजन भलतेच जास्त येते.

गव्हाणीत दर याकमागे किमान एक मीटर जागा ठेवा आणि एका जनावराची जागा जास्तीची. शिंगांमुळे दांडगी मादी दुबळीला हटवते, आणि चारा भरपूर असूनही एक-दोन जनावरे उपाशी राहतात.

हिरवळ फुटू लागली की पहिले दहा दिवस सकाळी गवत खाऊ घालूनच बाहेर सोडा. रिकाम्या पोटी कोवळा चारा ओरपला तर हगवण लागते आणि रक्तातले मॅग्नेशियम उतरून झटके येऊ शकतात. त्याच दिवसांत भुकेले याक ऱ्होडोडेंड्रॉन, बचनाग अशा विषारी झाडांना तोंड लावतात, एरवी ते टाळतात. लाळ गळणे, तोंडातून पोटातला चोथा बाहेर येणे, झोकांड्या जाणे, यांपैकी काहीही दिसले तर जनावर हलवू नका आणि पशुवैद्याला बोलवा.

प्रश्न : त्यांना बंद, उबदार गोठा बांधावा का?

नको. बंद गोठ्यात मूत्राचा उग्र वायू साचतो, भिंतींना ओल धरते आणि वासरांना न्यूमोनिया होतो. तीन बाजू बंद, एक बाजू वाऱ्याच्या उलट दिशेला उघडी अशी शेड, वर पक्के छप्पर, खाली निचरा होणारी जमीन आणि पंधरा सेंटिमीटर कोरडे अंथरूण, एवढे पुरते. मोठ्या याकला पाच चौरस मीटर जागा धरा. बर्फ केसांवर कोरडाच राहतो. गोठणबिंदूच्या आसपासचा पाऊस आणि वारा मात्र आतल्या लोकरीपर्यंत भिजवतो. छप्पर हवे ते त्या पावसासाठी.

प्रश्न : काळे याक तांबूस दिसू लागले आहेत, दोन मोठी वासरे सतत पातळ हगतात, जंताचे औषध देऊनही फरक नाही. शेजारी मेंढ्यांचे खनिज मिश्रण द्यायला सांगतात.

तुम्ही लिहिलेली लक्षणे तांब्याच्या कमतरतेशी जुळतात. केसांचा काळा रंग उतरणे, डोळ्यांभोवती फिकट वलय, जंत नसतानाही हगवण, माद्या न फळणे, नवजात वासराचे मागचे पाय लटपटणे, हा सगळा त्याचाच पसारा. बऱ्याच ठिकाणी चाऱ्यात तांबे पुरेसे असते, पण पाण्यातले लोह किंवा गंधक आणि जमिनीतले मॉलिब्डेनम ते बांधून ठेवते. त्यामुळे चारा तपासून तांबे बरोबर निघाले तरी जनावर कमतरतेत असू शकते. चाऱ्याबरोबर पाण्याचीही तपासणी करा.

मेंढ्यांचे मिश्रण देऊ नका. मेंढीला तांबे लवकर बाधते म्हणून त्यात ते मुद्दाम घातलेले नसते. गाईंसाठीचे मिश्रण वापरा. कोरड्या चाऱ्याच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम तांबे या हिशेबाने २३० किलोच्या मादीला दिवसाला ५० ते ५५ मिलिग्रॅम लागते. नुसता चाटण-दगड टांगून भागत नाही, कारण एक याक तो तासन्‌तास चाटतो आणि दुसरा फिरकतही नाही. मिश्रण भरड्यात मोजून द्या. रक्ततपासणी कळपातल्या पाच-सहा जनावरांची करा. शरीर तांबे यकृतात साठवते आणि रक्तातले प्रमाण अगदी शेवटी उतरते, म्हणून रक्तातला आकडा कमी आला तर साठा केव्हाच संपला आहे असे समजा.

तांब्याच्या गोळ्या, इंजेक्शन आणि मिश्रण हे सगळे एकदम सुरू करू नका. जादा तांबे यकृतात साचत जाते आणि एखाद्या ताणाच्या दिवशी एकदम रक्तात उतरते. लालसर लघवी, कावीळ आणि मृत्यू. एकच मार्ग निवडा आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा.

पत्रावरून दिसते की मेंढ्या आणि याक एकाच आवारात आहेत. हे तांब्यापेक्षाही गंभीर आहे. मेंढ्यांच्या अंगात असलेल्या एका विषाणूने त्यांना स्वतःला काही होत नाही, पण याकला मॅलिग्नंट कॅटॅरल फीवर हा रोग होतो. तीव्र ताप, डोळ्यांवर पांढुरके सावट, नाकातून घट्ट स्राव, तोंडात फोड. लक्षणे दिसलेले जनावर क्वचितच वाचते, आणि लसही नाही. सहा ते नऊ महिन्यांची कोकरे हा विषाणू सर्वांत जास्त बाहेर टाकतात. गव्हाण, पाणी आणि शेड वेगळी करा, मध्ये मोकळी जागा सोडा.

प्रश्न : वळू कधी सोडावा?

वासरू कधी हवे ते आधी ठरवा आणि २५८ दिवस मागे मोजा. याकचा गाभणकाळ गाईपेक्षा तीन आठवड्यांनी कमी असतो. १५ जुलैला फळलेली मादी ३० मार्चच्या सुमारास विते. तेव्हा तुमच्याकडे ओला बर्फ पडत असेल तर वळू १५ ऑगस्टला सोडा, म्हणजे पहिली वासरे एप्रिलअखेर येतील. एका वळूला दहा ते पंधरा माद्या पुरेत. त्याच्या कालवडी वयात येण्याआधी, म्हणजे तीन वर्षांच्या आत, तो बदला. लहान कळपात सगोत्र पैदास फार लवकर शिरते.

प्रश्न : वासरू जन्मले की मादी कुणालाच जवळ येऊ देत नाही. वासरू ठीक आहे हे कळावे कसे?

आधी लांबून पाहा. निरोगी वासरू अर्ध्या तासात उभे राहते आणि दोन तासांत पिते. शेपूट हलवत पीत असेल, पोट भरीव असेल, तर जवळ जाण्याची गरज नाही. मादी आणि वासरू यांच्या मध्ये कधीही जाऊ नका. नाळेला टिंचर आयोडीन लावायचे तर दोघे जण हवेत. एकाने फळ्यांचे हलते फाटक आडवे धरायचे, दुसऱ्याने मिनिटभरात काम उरकायचे.

दोन तासांनंतरही वासरू प्याले नसेल तर हात घालावाच लागेल. १४ किलोच्या वासराला पहिल्या बारा तासांत सुमारे १.४ लिटर चीक मिळाला पाहिजे, त्यातला निम्मा पहिल्या चार तासांत. बारा तासांनंतर दिलेल्या चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात फारशी शिरत नाहीत. रोगमुक्त गाईचा गोठवलेला चीक चालतो. तो ५० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात भांडे ठेवून वितळवा. उकळत्या पाण्यात ठेवला तर त्यातली प्रथिने फाटतात आणि निव्वळ दूध उरते.

गुदद्वारात थर्मामीटर लावा. ३८.५ ते ३९.५ ठीक. ३७ च्या खाली असेल तर आधी वासरू खरखरीत कापडाने चोळून कोरडे करा, ऊब द्या, आणि मगच पाजा. गारठलेल्या वासराला गिळता येत नाही. दूध फुप्फुसात जाते. ३५ च्या खाली गेलेल्याला मान वर धरून ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात बसवा आणि बाहेर काढताच पूर्ण कोरडे करा. ओले वासरू परत थंडीत सोडणे म्हणजे सगळी मेहनत वाया.

दहा ते सोळा दिवसांच्या वयात जंताचा पहिला डोस चुकवू नका. मोठे गोलकृमी आईच्या दुधातून येतात, त्यामुळे गोठा कितीही स्वच्छ असला तरी वासराला ते होऊ शकतात.

प्रश्न : मादी दिवसाला लिटरभरच दूध देते, आणि वासरू दूर केले की तेही थांबते.

याकचे दूध एवढेच असते, दिवसाला एक ते दोन लिटर. मात्र त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. वासरू कासेला लागल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. इंजेक्शन देऊन पान्हा सोडवू नका. वासरू महिन्याचे झाल्यावर रात्रभर दिसेल असे पण वेगळे बांधा, सकाळी मिनिटभर पाजा, मग दोन सड तुम्ही काढा आणि दोन वासराला सोडा. दिवसातून एकदाच. सड आखूड असल्याने अंगठा आणि तर्जनीनेच काढावे लागते.

दूध हेच मुख्य उत्पन्न हवे असेल तर गाय आणि याक यांचा संकर पाहा. संकरित मादी जास्त दूध देते आणि उष्णताही जास्त सोसते. संकरित नर मात्र वांझ असतो, त्यामुळे दर पिढीला शुद्ध जनावरांकडेच परतावे लागते. याक मादीवर मोठ्या बांध्याच्या गाईच्या जातीचे रेतन करू नका, वासरू अडते.

प्रश्न : लोकर कधी आणि कशी काढावी?

कातरू नका, विंचरा. वसंताच्या शेवटी मानेवर आणि खांद्यावर आतली मऊ लोकर गुठळ्यांनी सुटू लागते. चिमटीत धरून हलके ओढल्यावर ती सहज आली पाहिजे. कातडी ताणली जात असेल तर आठवडाभर थांबा. बोथट दातांच्या लांब फणीने मान, खांदा, पाठ, मग बाजू या क्रमाने, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा विंचरा. लोकर सगळीकडे एकाच वेळी सुटत नाही. पोटाखालची लांब केसांची झालर तशीच ठेवा, बर्फावर बसताना कास आणि पोट तीच राखते. गार पावसाचा अंदाज असेल तर विंचरणे पुढे ढकला.

मऊ लोकर १६ ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची असते, वरचे राठ केस ५० च्या पुढचे. ते मिसळले की धागा टोचतो आणि भाव पडतो, म्हणून खांद्याची लोकर, बाजूची लोकर आणि राठ केस जागेवरच वेगळ्या पिशव्यांत भरा. वासरांची लोकर सर्वांत तलम. तिची पिशवी वेगळीच. ओलसर लोकर बांधून ठेवली तर पिवळी पडते.

प्रश्न : विजेच्या कुंपणाला याक जुमानत नाहीत.

केस उत्तम विद्युतरोधक आहेत, त्यामुळे झटका नाकावरच बसला पाहिजे. एक तार जमिनीपासून ७५-८० सेंटिमीटरवर, म्हणजे हुंगणाऱ्या नाकाच्या उंचीवर घ्या, खालची ३० वर वासरांसाठी, सर्वांत वरची १३० वर. कुंपणाच्या दूरच्या टोकाला किमान ४००० व्होल्ट मोजून पाहा. खडकाळ कोरडी जमीन आणि बर्फ यांतून वीज परत यंत्राकडे येत नाही. अशा ठिकाणी एक तार प्रवाहाची आणि पुढची जमिनीला जोडलेली, अशी आलटून-पालटून जोडणी करा. याक दोन तारांना एकदम लागला की झटका पूर्ण बसतो. काटेरी तार नको, तीत लोकर आणि कातडी दोन्ही फाटतात.

प्रश्न : हिवाळा संपताना दोन याकांच्या पाठीवर सुपारीएवढ्या गाठी आल्या, मध्ये छिद्र आहे. दाबून काढाव्यात का?

दाबू नका. ही वार्बल माशीची अळी आहे. उन्हाळ्यात माशी पायांच्या केसांवर अंडी घालते, अळी कातडीतून आत शिरते, कित्येक महिने अंगातून प्रवास करून पाठीखाली येते आणि श्वासासाठी छिद्र पाडते. आतल्या आत फुटली तर तिच्या द्रवाने जनावराला जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

औषधाची योग्य वेळ शरद ऋतूत, माश्या संपल्यावर लगेच. आयव्हरमेक्टिन दर किलो वजनाला ०.२ मिलिग्रॅम, कातडीखाली. २३० किलोच्या मादीला एक टक्क्याचे द्रावण ४.६ मिलिलिटर. भर हिवाळ्यात ते देऊ नये, कारण तेव्हा अळ्या मणक्याच्या पोकळीत किंवा अन्ननलिकेच्या भिंतीत असतात. तिथे मेल्या की सूज येऊन मागचे पाय लुळे पडतात किंवा पोट फुगते. पाठीवर गाठी दिसू लागल्या म्हणजे अळ्या तिथून पुढे सरकल्या आहेत, म्हणून आता पशुवैद्याला विचारून औषध देता येईल; गाठीची कातडी भरून येईल आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या माश्याही घटतील. दूध काढत असलेल्या मादीला हे औषध देऊ नका. शेजारच्या कळपांनाही त्याच आठवड्यात औषध मिळेल असे पाहा. माशी कुंपण ओळखत नाही, आणि एक कळप सुटला तरी पुढच्या वर्षी गाठी परत येतात.